कोहळ्याखालची जागा

माणूस आपल्या रक्षणासाठी जे काही उभारतो, त्यावरून त्याच्या संस्कृतीची उंची कळते. आमच्या कॉलेजच्या नव्या ग्रंथालयाच्या दाराशी हे वाक्य काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत कोरलेलं आहे, तमिळमध्ये आणि इंग्रजीत, आणि खाली करस्पॉन्डंटसाहेबांचं नाव आहे. तमिळनाडूत खासगी कॉलेजच्या मालकाला करस्पॉन्डंट म्हणतात. आमचे करस्पॉन्डंट कुणाशीही पत्रव्यवहार करत नाहीत. ते काम माझ्याकडे असतं. वाक्यही माझंच आहे. त्यांनी "काहीतरी खोल" मागितलं होतं आणि मला जेवायला जायचं होतं.

वाक्य खोटं नाही. फक्त तिथे उभं राहून ते वाचायचं असेल, तर आधी वर बघून घ्यावं.

मी या कॉलेजात ग्रंथपाल आहे. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतून टाउन बसने येते, पुस्तकं सांभाळते, आणि लिहिता येतं हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे भाषणं, आभार आणि श्रद्धांजल्याही सांभाळते. सुरक्षा समिती काढायची ठरली तेव्हा समितीत एक बाई हवी होती. मी बाई होते आणि हजर होते. तेवढ्यावर माझी नेमणूक झाली.

समितीत चौघं होतो. उपप्राचार्य अध्यक्ष. इमारतींची देखभाल बघणारे एक अधिकारी, ज्यांच्या कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा असे की ते येण्याआधी त्यांचा आवाज येई. नव्या इमारतीचे कंत्राटदार, आणि मी. पहिल्या बैठकीचा बहुतेक वेळ समितीच्या बिल्ल्याचा रंग ठरवण्यात गेला. हिरवा ठरला. मग मी कोहळ्याचा विषय काढला.

कोहळ्याबद्दल सांगायला हवं. नवी इमारत उभी राहताना तिला दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे वर कोहळा टांगतात. महाराष्ट्रातही दुकानांच्या दारावर टांगतात असं ऐकते, पण आमच्याकडच्या कोहळ्याला तोंड असतं: बटबटीत डोळे, वर वळलेल्या मिशा, बाहेर काढलेली लाल जीभ. काथ्याच्या शिंक्यात घालून तो उंच तुळईला बांधतात. दर अमावास्येला उतरवायचा, चौरस्त्यावर फोडायचा आणि नवा टांगायचा, अशी रीत आहे. बांधकाम चालू होतं तोवर कंत्राटदाराचा मेस्त्री हे बिनबोभाट करत होता.

मग ग्रंथालयाची इमारत पूर्ण झाली. उद्घाटनाला एक मोठे पाहुणे यायचे होते. त्यांची तारीख मिळेना. मिळाली की पुढे जाई. मेस्त्री आणि त्याची माणसं दुसऱ्या कामावर निघून गेली आणि शेवटचा कोहळा दुसऱ्या मजल्याच्या तुळईला, बरोबर मुख्य दाराच्या डोक्यावर, तसाच राहिला. कॉलेजने म्हणायचं, इमारत अजून ताब्यात आलेली नाही, कोहळा कंत्राटदाराचा. कंत्राटदाराने म्हणायचं, काम संपलंय, कोहळा कॉलेजचा. खरी अडचण दोघांनाही बोलायची नव्हती. जो कोहळा उतरवेल त्याच्या अंगाला त्यात साठलेली दृष्ट लागते, अशी समजूत. देवळातल्या गुरुक्कळांना, म्हणजे पुजाऱ्यांना, विचारलं, तर त्यांनी पंचांग पाहिलं आणि पुढच्या अमावास्येला गावाला जायचं आहे असं सांगितलं.

कोहळा कुजला. तंजावूरच्या उन्हात कोहळा कसा कुजतो हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. आधी तो पिवळा पडतो, मग एका बाजूने बसतो, मग त्याचं तोंड घसरतं. आमच्या राक्षसाची जीभ हनुवटीखाली आली होती आणि एक डोळा आत गेला होता. मिशी मात्र शेवटपर्यंत ताठ. त्यातून करड्या रंगाचं पाणी थेंब थेंब गळे आणि दाराच्या पायरीवर त्याचं डबकं होई. माश्या इतक्या, की लांबून पाहिलं तर तोंड बोलतंय असं वाटे. आणि वास. तो वास मी लिहिणार नाही. एके दुपारी त्याने माझ्या डब्यातल्या सांबारभातापर्यंत मजल मारली होती, एवढं पुरे.

आणि लोक त्याकडे समाधानाने बघत. कुजला म्हणजे काम करतोय. जितका जास्त कुजेल तितकी जास्त दृष्ट त्याने पिऊन घेतली. आमचे प्राध्यापक येताजाता वर बघून म्हणत, "किती जणांचा डोळा होता बघा आपल्या ग्रंथालयावर." ग्रंथालयावर कुणाचा डोळा असतो हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच कळत होतं.

ते डबकं रोज सकाळी पुसणारी बाई ओरत्तनाडूकडून पहिल्या बसने यायची. सगळे तिला अक्का म्हणत, मीही. नवऱ्याचं काम सुटलेलं, घरात दोन मुली शिकणाऱ्या, सासू अंथरुणाला. घर चालायचं ते हिच्या झाडूवर. झाडूकाम कंत्राटी. एक आठवडा आली नाही तर तिच्या जागी दुसरी उभी असते, आणि दुसरी परत जात नाही.

तिने देखभालीच्या अधिकाऱ्यांना सांगितलं होतं. "सार, शिंकं ओलं झालंय. दोरी काळी पडलीय. उतरवा की कुणाकडून."

ते म्हणाले, "अक्का, तो गळतोय म्हणजे कॉलेजची दृष्ट गळतेय. तू पुसत राहा."

म्हणून मी समितीत विषय काढला. उपप्राचार्यांनी मान डोलावली. कंत्राटदार मोबाईलमध्ये बघू लागले. अधिकारी म्हणाले, "मॅडम, तुम्ही पुस्तकं वाचता, तुम्हाला हे सगळं खोटं वाटणार."

"खोटं वाटत नाही," मी म्हटलं. "जड वाटतं."

यावर सगळे हसले आणि बिल्ले कुठून करून घ्यायचे याकडे वळले.

घरी मी हे सांगितलं तेव्हा आमचे हे जेवत होते. हे बँकेतून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून कशानेही चकित होत नाहीत. म्हणाले, "त्या कोहळ्यालाच दृष्ट लागली असेल. त्याच्यावर आणीक एक टांगा म्हणावं."

समितीने ठरवलेला सुरक्षा दिन मोठ्या थाटात झाला. मोठे पाहुणे आले नाहीत, पण त्यांच्याऐवजी धाकटे पाहुणे आले. नादस्वर, पूर्णकुंभ, शाली, सगळं यथासांग. मंचावरच्या प्रत्येकाला एक एक पिवळं हेल्मेट मिळालं, वरचा प्लास्टिकचा कागद न काढता. करस्पॉन्डंटसाहेबांनी ते घातलं आणि फोटोपुरतं गंभीर तोंड केलं. कमरेला पांढरीशुभ्र वेष्टी, खांद्यावर शाल, डोक्यावर हेल्मेट. राज्याभिषेकाचे प्रसंग मी पुस्तकांत बरेच वाचलेत, पण एवढ्या स्वस्त मुकुटाचा एकही नव्हता.

मग प्रात्यक्षिक. शहरातून एक प्रशिक्षक आला होता. उंचावरून पडणाऱ्या वस्तूंनी कामाच्या जागी किती इजा होतात हे त्याने खूप जोरात सांगितलं. मग टेबलावर दोन कलिंगडं ठेवली, एकाला हेल्मेट घातलं आणि शिडीवर चढून दोन्हींवर एक एक वीट टाकली. हेल्मेटवालं कलिंगड वाचलं. दुसरं फुटलं, लाल पाणी पहिल्या रांगेपर्यंत गेलं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. "हे तुमचं डोकं आहे!" प्रशिक्षक ओरडला. मुलांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

कलिंगड पुसायला अक्काला बोलावलं. तिने पुसलं. तेवढ्यात अधिकारी किल्ल्या वाजवत आले. पाहुण्यांना नवं ग्रंथालय बाहेरून दाखवायचं ठरलं होतं आणि पायरीवर डबकं होतं. "पळ, पळ, पुढचं पुसून घे आधी."

ती फडकं आणि बादली घेऊन पळत गेली. आम्ही मागून मिरवणुकीसारखे निघालो, पुढे हेल्मेटवाले, मागे आम्ही बिनहेल्मेटवाले, त्यामागे मुलं. ती पायरीवर वाकून पुसत होती. आम्ही जवळ पोचलो तसं तिने वाटेतून बाजूला व्हायला म्हणून बादली उचलली, आणि वरून काहीतरी ओलं, मोठं, तोंड असलेलं खाली आलं.

वाकलेली होती म्हणून डोकं वाचलं. उजव्या खांद्यावर आणि मानेच्या बुडाशी बसलं. फार आवाज झाला नाही. कोहळा फुटला आणि त्यातलं सगळं तिच्या केसांत, पाठीवर, पायरीवर सांडलं. ती गुडघ्यांवर बसली आणि तशीच राहिली.

मागच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो प्रात्यक्षिकाचा दुसरा भाग वाटला. मुलांचं मी समजू शकते. पुढच्या रांगेचं मात्र मला आजही समजलेलं नाही. हेल्मेट घातलेली सगळी माणसं एकाच वेळी एक पाऊल मागे गेली आणि वेष्ट्या वर उचलून धरल्या. मग कुणीतरी, कोण ते सांगत नाही, सुस्कारा टाकून म्हणालं, "फुटला एकदाचा." आणि त्या सुस्काऱ्यात एवढी सुटका होती, की दोघातिघांनी हात जोडले.

तिच्याजवळ पहिली पोचली ती पूर्णकुंभ धरणारी एक विद्यार्थिनी. तिने कलशातलं पाणी अक्काच्या तोंडावरून ओतलं. त्या दिवशीच्या सगळ्या विधींत तेवढाच एक उपयोगाचा होता.

मी तिच्याबरोबर ऑटोतून सरकारी हॉस्पिटलात गेले. ऑटोवाला वासाने बाहेर तोंड काढून चालवत होता. गळ्याखालचं हाड मोडलं होतं, खांदा निखळला होता. डॉक्टरांनी विचारलं, काय पडलं. मी म्हटलं, कोहळा. त्यांनी लिहिता लिहिता वर पाहिलं. "बांधकामावरचा?" मी हो म्हटलं. "दोरी का नाही बदलत लोक," ते म्हणाले आणि पुढच्या रुग्णाकडे गेले. या संपूर्ण प्रकरणात मी ऐकलेलं शहाणपणाचं हे एकच वाक्य.

अक्का एवढंच विचारत होती, "कामावर कधी जाता येईल, मॅडम?"

समितीची तातडीची बैठक झाली. झालेला प्रकार कामावरचा अपघात धरायचा की नाही, एवढाच प्रश्न होता. धरला तर ती बरी होईपर्यंत तिची जागा राखावी लागणार. प्रशिक्षकाने दिलेली पुस्तिका उपप्राचार्यांनी पुढ्यात घेतली आणि पडणाऱ्या वस्तूंचं पान वाचलं. वीट होती, हातोडी होती, पाइप, फळी, बादली होती.

"कोहळा नाही," ते म्हणाले, आणि त्यांना बरं वाटलं.

कंत्राटदार म्हणाले, "माझ्या कामाचं ते अवजार नव्हेच. श्रद्धेची गोष्ट आहे."

अधिकारी म्हणाले, "बरोबर. कोहळा ही वस्तू नाही मॅडम. तो विधी आहे."

"विधीचं वजन किती होतं?" मी विचारलं.

उपप्राचार्यांनी पुस्तिका मिटली. ओल्या फरशीवर पाय घसरून ती पडली, असं ठरलं. फरशी ओली होती हे खरंच होतं. ती पुसायला अक्काला त्यांनीच पाठवलं होतं हेही खरं होतं, पण सगळीच सत्यं एका ठरावात मावत नाहीत.

हाताला झोळी बांधून ती परत आली तेव्हा तिचा झाडू दुसरीच्या हातात होता. मी अधिकाऱ्यांकडे गेले. डाव्या हाताने होईल असं काहीतरी द्या, म्हटलं. त्यांनी आवाज खाली आणला. "मॅडम, काम द्यायला हरकत नाही हो. पण लोक बोलतात. इतके महिने सगळ्या इमारतीची दृष्ट त्यात साठली, आणि ती सगळी हिच्या अंगावर फुटली. उद्घाटन व्हायचंय अजून. पाहुणे येऊन जाऊ देत, मग बघू."

मला वाटलं, हा एकटाच असा. तो एकटा नव्हता. कँटीनमध्ये सगळ्यांना स्टीलच्या टंबलरमधून कॉफी देतात; तिला त्या दिवशी कागदी कप आला. आमच्याकडे भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आहेत, पडणाऱ्या वस्तूंचे नियम त्या दरवर्षी शंभर मुलांकडून पाठ करून घेतात. अक्का जिन्यात बसलेली पाहून त्या वळल्या आणि दुसऱ्या जिन्याने गेल्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "माझा काही विश्वास नाही. पण उगीच कशाला?"

मला किळस आली. कोहळ्याची आली होती त्याहून जास्त. कोहळा निदान कुजलाय हे लपवत नव्हता.

अक्का जिन्यात बसून हे सगळं बघत होती. कागदी कप संपवून तिने नीट चुरगळला आणि म्हणाली, "मॅडम, मोठ्या सारांकडे न्याल का मला?"

मला वाटलं, ती पाया पडेल. मी मनात दोनचार चांगली वाक्यं तयार केली. न्याय, जबाबदारी, संस्थेची प्रतिष्ठा. एकही वापरावं लागलं नाही.

करस्पॉन्डंटसाहेबांच्या खोलीला जाड गालिचा आहे आणि भिंतीवर सोन्याच्या वर्खाचं तंजावरी चित्र: लोण्याच्या गाडग्याशी बसलेला कृष्ण, फार गुबगुबीत. ती आत गेलीच नाही. उंबऱ्याशी थांबली.

"आत ये की," ते म्हणाले, पण खुर्ची जरा मागे घेऊन.

"नको अय्या, इथंच बरी. मला कामावर नको म्हणालात ते कळलं. बरोबर आहे. इमारतीचं जे होतं ते माझ्या अंगावर आलंय म्हणतात सगळे."

"तसं नाही, तसं नाही," ते म्हणाले. नाही म्हणताना ते तिच्या खांद्याकडे बघत होते.

"पण ते घरी कसं नेऊ? घरी मुली आहेत. सासू पडून आहे. बसमध्ये पण लोक असतात. म्हणून म्हटलं, जिथलं आहे तिथंच ठेवून जावं." ती खाली बसली आणि डाव्या हाताने झोळीची गाठ सोडू लागली. "ही झोळीच इथं उंबऱ्यावर ठेवते. मग जाते. कुणाला त्रास नाही."

मी आजवर त्यांना एवढ्या चपळाईने उभं राहिलेलं पाहिलेलं नाही. "इथं नको. अगं, इथं नको. बांध ते. मॅडम, बांधा ते तिचं."

मी बांधलं. हसू आवरत.

"मग कुठं ठेवू, अय्या?"

ते कृष्णाकडे बघत राहिले. कृष्ण लोण्याकडे बघत होता. शेवटी म्हणाले, "तू कुठं जाऊ नकोस. इथंच राहा. मागच्या गेटला बस. मुलांची ओळखपत्रं बघायची, एवढंच. पुढे यायचं नाही फक्त."

"हात वर होत नाही, अय्या."

"वर करायचं काही नाही तिथं."

"आणि काम पक्कं? का पुन्हा कंत्राट? कंत्राटाचं म्हणजे उद्या मी गेले की माझ्याबरोबर ते पण..."

"पक्कं, पक्कं," ते म्हणाले आणि फोनवर अधिकाऱ्यांना बोलावलं. किल्ल्यांचा आवाज येईपर्यंत ती उंबऱ्यावरच बसून होती.

इतकी वर्षं मी याच खोलीत उत्तम इंग्रजीतली निवेदनं घेऊन गेले आहे. त्यांतलं एकही या वेगाने मंजूर झालेलं नाही.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "अक्का, तुला खरंच वाटतं का, ते तुझ्या अंगावर आहे?"

ती थांबली. "अंगावर पडला तो कुजका कोहळा, मॅडम. केसांचा वास किती दिवस गेला नाही. शिकेकाई संपली घरातली." थोडं चालून म्हणाली, "मुलींनीही माझ्या शेजारी झोपायचं टाळलं दोनतीन रात्री. वासासाठी, का दुसऱ्या कशासाठी, मी विचारलं नाही."

तिला जिंकल्यासारखं वाटत असेल असं मी धरून चालले होते. तिला वाटत नव्हतं. त्यांच्या घाणीचा उपयोग करून तिने आपली जागा मिळवली होती, आणि ती घाण आता कायमची तिच्या नावावर राहणार होती. मागच्या गेटला बसवलेली, पुढे न येणारी, पक्क्या नोकरीवरची दृष्ट.

ती अजून तिथेच बसते. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. मुलं ओळखपत्र तिच्या डोळ्यांपुढे धरतात आणि तिला "अक्का" म्हणून हाक मारतात. त्यांना काही ठाऊक नाही, किंवा असून फिकीर नाही, आणि त्याबद्दल मला आजची पिढी आवडते. तिच्या खुर्चीवर छप्पर नाही. एका बाजूला गुलमोहर आहे, त्याच्या शेंगा पडतात. त्या हलक्या असतात, असं तिनेच मला सांगितलं.

शेवटी मोठे पाहुणे आले. ग्रॅनाइटवरचा पडदा ओढला गेला, माझं वाक्य वाचलं गेलं आणि पाहुण्यांनी त्यात फार खोल अर्थ आहे असं म्हटलं. मी पुस्तकं नव्या इमारतीत हलवली. मी स्वतः मागच्या दाराने जाते. गेटवर दोन शब्द बोलायला मिळतात.

सुरक्षा समितीने झाल्या प्रकारातून धडा घेतला, असं अहवालात आहे. मुख्य दारावर आता फायबरचा कोहळा आहे, कारागिराकडून करून घेतलेला, रंग पक्का, मिशा अगदी सुबक. तो कुजत नाही, गळत नाही, त्यामुळे अमावास्येला कुणी उतरवायचा हा प्रश्नही उरलेला नाही. पहिल्याच वादळी वाऱ्यात तो फार हलायला लागला, म्हणून खाली उतरवून त्याच्यात सिमेंट भरलं.